दशांशाची वही

नगर जिल्ह्यातल्या मिशन कंपाउंडांत आणि आजूबाजूच्या खेड्यांत वाढलेली आमची पिढी आता साठी-सत्तरीत आली. नाताळच्या सुट्टीत नाही तर कुणाच्या मयतीला भावंडं जमली की पहिला तास गुडघेदुखी आणि शुगर यांत जातो. मग कुणी तरी संडे स्कूलच्या तिकिटांचा विषय काढतं आणि सगळी एकदम बोलायला लागतात.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. दर रविवारी बायबलमधलं एक सुवर्णवचन पाठ म्हणून दाखवायचं. न अडखळता म्हटलं की तिकीट मिळे. तिकीट म्हणजे पोस्टाच्या तिकिटाहून थोडा मोठा रंगीत कागद, त्यावर मेंढरू नाही तर होडी. तिकिटं साठली की ती परत करून मोठं कार्ड घ्यायचं. ही कार्डं म्हणजे अमेरिकेतल्या लोकांनी वापरून झालेली नाताळची भेटकार्डं. मिशनच्या मडमांकडे ती गठ्ठ्यांनी यायची. आतला मजकूर कात्रीनं कापलेला, बाहेरचं चित्र शाबूत. बर्फात बुडालेलं चर्च, लाल छातीचा पक्षी, घोड्यांची घसरगाडी. आमच्याकडे मार्चमध्येच विहिरीचा तळ दिसायला लागायचा, आणि आम्ही त्या बर्फासाठी वचनं घोकत होतो.

एका रविवारी वचन होतं इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायातलं, आठवं आणि नववं. माणसाचं तारण देवाच्या कृपेनं होतं, ते त्याच्या कर्तबगारीचं फळ नव्हे, म्हणून कुणी फुशारकी मारू नये, असा त्याचा आशय. जोडवचन म्हणून त्याला दोन तिकिटं होती. ताईनं ते एका दमात म्हटलं, दोन तिकिटं घेतली आणि आठवडाभर फुशारकी मारली. यातली गंमत आमच्या लक्षात यायला पुढं बरीच वर्षं जावी लागली. तिकिटं वाटणारे सुपरिंटेंडेंट म्हणजे आमचे दादाच होते. त्यांच्या लक्षात ती आली असेल तर त्यांनी तसं कधी दाखवलं नाही.

दादा म्हणजे वडील. हायस्कुलात गणित शिकवायचे. पगाराच्या दिवशी घरी आले की सदरा न काढताच ते टेबलाशी बसत, नोटा मोजत, दहावा भाग पाकिटात घालत आणि वहीत नोंद करत. दशांशाची वही. निळ्या पुठ्ठ्याची, लांबोडकी, किराणा दुकानात उधारीला असते तसली. पगाराचा दशांश सगळेच काढत; दादा कोंबड्यांच्या अंड्यांचाही काढत. दहा अंडी झाली की एक पाळकसाहेबांकडे जाई, आणि ते पोचवायचं काम आमच्याकडे असे. वाटेत अंडं फुटलं तर दुसरं जाई, आणि वहीत तेही लिहिलं जाई.

कुणाचं काही घ्यायचं नाही, हा घरातला अलिखित कायदा. शेजारून कोथिंबिरीची काडी आली तर संध्याकाळच्या आत तिकडे लिंबू गेलं पाहिजे. वाण्यानं मुलांच्या हातावर गुळाचा खडा ठेवला तर दादा त्याचे पैसे विचारत आणि वाणी ओशाळत असे. फुकट मिळालेली वस्तू घरात आली की दादांचा चेहरा असा व्हायचा, जणू कुणी दारात मेलेला साप टाकलाय.

आम्ही पोरं तेव्हा त्यांना कंजूष समजायचो. नातवंडं त्यांच्या गोष्टी ऐकून हसतात, आम्हीही हसतो. पण त्यांची बाजू मांडणारा एखादा तरी माणूस हवा, म्हणून मी मांडतो.

आमच्या लहानपणी मिशनमार्फत दुधाची भुकटी आणि गहू यायचा. अमेरिकन मदतीच्या त्या पोत्यांवर एकमेकांत गुंफलेल्या दोन हातांचं चित्र असे. रिकाम्या पोत्यांचं कापड चिवट निघे, त्याच्या चड्ड्या शिवल्या जात, आणि कितीही धुतलं तरी ते हात पुसत नसत. माझ्या धाकट्या भावाच्या बसायच्या जागी बरीच वर्षं हस्तांदोलन चालू होतं. गावातली पोरं आम्हाला भुकटीवाले म्हणत. मोठी माणसं तोंडावर बोलत नसत, पण भाकरीसाठी बाटलेले लोक हे वाक्य आमच्या कानांवरून गेलं नाही असं नाही. आमचे आजोबा महारवाड्यात जन्मले, मिशनच्या शाळेत शिकले आणि मिशनच्याच शाळेत मास्तर झाले. त्यांना जे मिळालं ते अक्षर होतं, आणि ते गावानं त्यांना विकत सुद्धा दिलं नसतं. तरी बोल भाकरीचा लागला. १९५० साली राष्ट्रपतींचा अनुसूचित जातींबद्दलचा आदेश निघाला, त्यात आमच्यासारख्या ख्रिस्ती झालेल्यांना जागा नव्हती. वाडा बदलला नाही, विहीर बदलली नाही, सवलत मात्र गेली. दादांनी त्यानंतर जे केलं ते मार्कांवर केलं. मी कुणाचं फुकट खाल्लं नाही, हे त्यांना गावाला, सरकारला आणि मला वाटतं देवालाही दाखवून द्यायचं होतं. अशा माणसानं रविवारी उभं राहून कृपेवर बोलायचं म्हणजे काय ताण पडत असेल याचा विचार आता करवतो.

त्यांची आई, म्हणजे आमची आजी, अगदी उलट. ती कुणाकडूनही काहीही घ्यायची. मोहरमच्या सरबतापासून गुढीपाडव्याच्या साखरेच्या गाठीपर्यंत. पदर पुढं करायची आणि वर म्हणायची, “अजून आहे का गं?”

ती मुक्तीतली. केडगावची मुक्ती, पंडिता रमाबाईंची. १८९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून शेकडो मुली आणल्या, त्यांतली ही एक. वय चारेक वर्षांचं असावं. तिला स्वतःला गाव आठवत नव्हतं, आईबापांची नावं आठवत नव्हती. आठवायची ती आगगाडी आणि गाडीत कुणी तरी हातावर ठेवलेले भिजलेले चणे. १९०० च्या सुमाराला मुक्तीत मुली-बायका मिळून दोन हजारांच्या आसपास माणसं होती. तिथं विहिरी खणल्या जात, विणकाम चाले, आणि छापखाना तर मुलीच चालवत. आजी या छापखान्यात खिळे जुळवायला शिकली. शिशाचे खिळे हातात उलटे दिसतात, ओळही उलटी लागते. त्यामुळे आजीला उलटं वाचता यायचं. आम्ही कंदिलाशी बायबल उघडून बसलो की ती समोर बसून, पुस्तक तिच्याकडून उफराटं असतानाही, आमच्या चुका काढायची. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून केलेलं मराठी बायबल याच छापखान्यात जुळवलं गेलं. रमाबाई ५ एप्रिल १९२२ ला गेल्या आणि संपूर्ण बायबल १९२४ साली बाहेर आलं. आजी तोवर लग्न करून नगरकडे आली होती, पण त्यातली काही पानं आपल्या हातची आहेत असं ती शेवटपर्यंत सांगे. कुठली, ते विचारलं की कुठलंही पान उघडून दाखवायची. तेवढी थाप आम्ही तिला माफ केली होती.

१९०५ च्या मुक्तीतल्या संजीवनाबद्दल पुस्तकांत पुष्कळ लिहिलंय. मुली तासन्‌तास रडत, पापं कबूल करत, मोठ्यानं प्रार्थना करत. आजी तेव्हा बाराएक वर्षांची होती, आणि तिच्याकडून आम्ही ऐकलेली हकिगत एवढीच की त्या दिवशी स्वयंपाकघरातल्या बायाही रडत होत्या, त्यामुळे जेवायला फार उशीर झाला. “मलापण रडू आलं,” ती म्हणायची. “पण भुकेनं का आत्म्यानं, ते कळलं नाही. दोन्ही असंल.”

तिची संध्याकाळची प्रार्थना आमच्या सगळ्यांच्या आठवणीत आहे. दादांची प्रार्थना म्हणजे टिपण होतं: आधी स्तुती, मग पापांगीकार, मग आभार, मग विनंत्या, क्रम कधी चुकला नाही. आजी गोधडीवर गुडघे टेकायची आणि जे दिसेल त्याचे आभार मानायला लागायची. कंदील, रॉकेल, रॉकेल देणारा रेशन दुकानदार (तो मापात मारायचा, तेही ती देवाला सांगायची), शेजारणीची म्हैस, लंगडं कुत्रं, तिला कधीच न आठवलेले आईबाप. आम्हाला झोप अनावर व्हायची. तिचं संपत नसे, कारण तिच्या लेखी काहीच तिच्या हक्काचं नव्हतं. चार वर्षांच्या उपाशी पोरीनं असं काय केलं होतं, की कुणी तिला आगगाडीत बसवून आणावं? शेजारच्या झोपडीतली पोर राहिली आणि ही आली. त्याचा हिशेब तिला लागत नव्हता आणि तो लावायला ती बसलीही नाही.

रमाबाईंचं स्वतःचं मात्र असं नव्हतं. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडात वाँटेजला झाला; तेव्हाच त्या पंडिता होत्या, सरस्वती होत्या, वादात भल्याभल्यांना हरवणाऱ्या. १९०७ मध्ये लिहिलेल्या आपल्या साक्षीत त्या सांगतात की बाप्तिस्म्यानंतर तब्बल आठ वर्षांनी त्यांच्या ध्यानात आलं, आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडायचा राहिला होता. त्यांनी त्या आठ वर्षांत काय कमी काम केलं होतं? पुस्तक लिहिलं, अमेरिका पालथी घातली, मुंबईत शारदा सदन उघडलं. मी हे पुष्कळ उशिरा वाचलं, आणि वाचताना मला आजी नाही, दादा आठवले. मुक्तीत आलेल्या उपाशी मुलींना कृपा कळायला एक जेवण पुरे झालं. कर्तबगार माणसाची वाट लांबची असते.

आमच्याकडे हंगामाचा सण व्हायचा. पिकं घरात आली की मंडळी आपापल्या शेतातलं काही ना काही चर्चमध्ये आणत. ज्वारीची कणसं, भोपळे, मिरच्या, गवारीची जुडी, पाय बांधलेली कोंबडी. उपासना संपली की चर्चच्या पायऱ्यांवर लिलाव. त्यातली मजा अशी की बोली जिंकणारा पैसे भरायचा आणि वस्तू पुन्हा लिलावाला ठेवायचा. एकच कोंबडी चार-चार वेळा विकली जाई. कोंबडीला काही कळत नसे, ती आपली प्रत्येक वेळी नव्यानं ओरडे. पंचवीस रुपयांच्या कोंबडीचे शंभर व्हायचे आणि शेवटी ती पाळकसाहेबांच्या कालवणात जायची.

१९७२ साली लिलावाला काही नव्हतं. ज्यांनी तो दुष्काळ पाहिला त्यांना सांगायला नको. मंडळीतले निम्मे लोक खडी फोडायला होते, अंगावर पांढरी धूळ घेऊन रविवारी येत. रेशनवर अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी, पोरांना सुकडी. त्या वर्षी एका रविवारी पाळकसाहेबांनी द्राक्षमळ्यातल्या मजुरांच्या दाखल्यावर उपदेश केला. दिवसभर राबलेल्याला एक दिनार आणि संध्याकाळी तासभर आलेल्यालाही एकच दिनार. उपासना सुटल्यावर खडी केंद्रावरची एक बाई पायऱ्यांवरच त्यांना म्हणाली, “साहेब, हे आमच्या मुकादमाला पण सांगा की. तो मापावर देतो.” सगळे हसले. तीही हसली, पण तिनं ते अर्धं खरंच मागितलं होतं.

तर त्या वर्षी सण करायचा की नाही यावर पंचांची बैठक झाली, आणि नावापुरता करायचं ठरलं. आजी सकाळी पदराखाली एक मापटं घेऊन निघाली. आत मिलो होती. दादांनी दारातच अडवलं. हंगामाच्या सणाला रेशनचं धान्य? आपल्या शेतात जे पिकलंच नाही ते पीक म्हणून देवापुढं ठेवायचं? देवाला फसवायचं?

“माझ्या शेतात मी तरी कधी काय पिकवलं होतं?” आजी म्हणाली. “मला तर पहिल्यापासून रेशनवरच मिळालंय.”

आणि ती गेली. मापटं लिलावाला आलं तेव्हा आधी कुणी बोलेना. मग गिरणीवाल्यानं रुपया लावला, पैसे दिले आणि मापटं परत ठेवलं. मग शिंप्यानं. मग एका नर्सबाईनं. खडीवाल्यांनी आण्या-आण्याची वर्गणी करून एकदा घेतलं आणि तेही परत ठेवलं. ते मापटं कितीदा विकलं गेलं यावर आमच्यात अजून वाद आहे. ताई म्हणते सात, धाकटा म्हणतो अकरा. शेवटची बोली दादांची. त्यांनी त्या मापट्याला जे पैसे मोजले त्यांत पायलीभर ज्वारी आली असती. घरी येऊन आईनं त्याच्याच भाकरी केल्या. मिलोची भाकरी कशी लागते ते सांगत नाही. दादांनी ती मुकाट्यानं खाल्ली आणि वहीत नोंद केली. ती नोंद काय होती ते आम्ही पुढं शोधलं. फक्त रक्कम होती.

आजी त्यानंतर दोन वर्षांनी गेली. जाईपर्यंत तिची एक विनंती मात्र दर संध्याकाळी ठरलेली होती: “माझा नाना.”

नानाकाका म्हणजे दादांचा धाकटा भाऊ. आजोबांनी मास्तरकीच्या पगारातून आठ एकर जिराईत घेतलं होतं. आजोबा गेल्यावर नानाकाकानं वाटणी मागितली, चार एकर नावावर करून घेतलं, वर्षभरात विकलं आणि मुंबईला गेला. गिरणीत लागला. पहिली काही पत्रं आली, मग तीही थांबली. पुढची गोष्ट कुणालाही ओळखता येईल. ल्यूकच्या पंधराव्या अध्यायातला उधळ्या पुत्राचा दाखला आमच्या गावात कुणाला समजावून सांगावा लागत नसे. वाटणी, विक्री आणि शहर, प्रत्येक आडनावात एक निघतो. दादा हा दाखला संडे स्कुलात दर वर्षी शिकवायचे आणि फार चांगला शिकवायचे. थोरल्या मुलापाशी आले की मात्र पटकन पुढं सरकायचे.

१८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांचा संप सुरू झाला. अडीच लाख गिरणी कामगार बाहेर. पुढल्या वर्षीच्या पावसाळ्यात एका संध्याकाळी नानाकाका एक पत्र्याची ट्रंक घेऊन दारात उभा राहिला. धावत जाऊन गळ्यात पडायला आजी नव्हती. आईनं त्याच्या हातातली ट्रंक घेतली आणि “आधी अंघोळ करा भावजी, पाणी तापवते,” म्हणाली. मग कोंबडी कापली. दादा त्या रात्री पोट ठीक नाही म्हणाले, आणि चटणीशी अर्धी भाकरी खाऊन उठले. आमच्या पानांत रस्सा होता. इतका चांगला रस्सा इतक्या अवघडून आम्ही पुन्हा कधी खाल्ला नाही.

आईचं हे कुठून आलं असेल? माझा संशय लक्ष्मीबाई टिळकांवर आहे. दुपारच्या वेळी आई आम्हाला ‘स्मृतिचित्रे’ वाचून दाखवायची. टिळक देऊन मोकळे व्हायचे आणि मागं घर लक्ष्मीबाईंना चालवायला लागायचं, आणि तरी ती बाई नवऱ्यावर, स्वतःवर, सोवळ्याओवळ्यावर, साऱ्यावर हसते. स्वतःच्या चुका अशा हसत सांगणारं माणूस दुसऱ्याच्या चुकांचं बोचकं फार वेळ बांधून ठेवत नाही. आमच्या घरी उपदेशांच्या पुस्तकांचं एक कपाट भरलेलं होतं. त्या सगळ्यांनी मिळून जे शिकवलं नाही ते या एका पुस्तकानं आईच्या हाताला शिकवलं, असं मी म्हणतो. ताईला हे मान्य नाही. ती म्हणते, आईला फक्त घरात भांडण नको होतं.

दादांनी भावाला मागची खोली दिली. हाकलून दिलं नाही, पण जेवताना वीस वर्षं त्याच्याशी कामापुरतंच बोलले. नानाकाका प्यायचा, रोज नाही. मधूनच आठवडाभर सुटायचा. मधल्या दिवसांत दुसऱ्यांच्या शेतात, पुढं एका टपरीवर, मिळेल ते करायचा. आम्ही एकेक करत पुणे, वसई, दुबई असे पांगलो. घरात आई, दादा आणि मागच्या खोलीत काका. मग आई गेली.

दादांना अर्धांगाचा झटका आला तेव्हा ते अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. डावी बाजू गेली, बोलणं जड झालं. आम्ही पाळीपाळीनं आलो आणि पाळीपाळीनं परत गेलो. राहिला तो नानाकाका. अंघोळ, दाढी, भांडं देणं, कूस बदलणं, सगळं त्यानं केलं. गिरणीत यंत्रं पुसलेल्या हातांना ते काम जमत होतं. दादांना ते सहन होईना. पहिल्या महिन्यात ते दर शनिवारी उशीखालून पन्नासची नोट काढून त्याच्यापुढं धरायचे. मजुरी. नानाकाका नोट घ्यायचा आणि पिऊन यायचा. रविवारी दादांना कोण उठवणार? दोन-तीन रविवार ते तसेच ओल्या चादरीवर पडून राहिले, दुपारी शेजारीण येईपर्यंत. मग त्यांनी पैसे द्यायचं बंद केलं. दुसरा काही इलाज नव्हता.

मी नाताळला गेलो तेव्हा घरात काही तरी वेगळं होतं. नानाकाका त्यांची दाढी करत होता आणि दादा मान वर करून, डोळे मिटून, गळा त्याच्या वस्तऱ्याखाली देऊन पडले होते. पूर्वी न्हाव्यालाही ते इथून घे, तिथून घे सांगायचे. संध्याकाळी प्रार्थनेची वेळ झाली. जीभ वळत नव्हती म्हणून दादांनी बोट नानाकाकाकडे केलं. तू कर. काकानं कित्येक वर्षांत प्रार्थना केली नव्हती. त्यानं प्रभूची प्रार्थना सुरू केली, मधली दोन वाक्यं गाळली, एक दोनदा म्हटलं, अपराधांच्या क्षमेशी येऊन अडकला आणि तिथूनच एकदम शेवटाला गेला. चर्चमध्ये मुलांचं एक अक्षर चुकलं तरी थांबवणारा माणूस समोर होता. दादा आमेन म्हणाले. स्पष्ट म्हणाले.

उशाशी वही होतीच. उजवा हात चालत होता. मी चाळली. दशांशाच्या जुन्या रकमा संपल्यावर काही कोरी पानं आणि मग वेड्यावाकड्या अक्षरात नव्या नोंदी, रकमेचा रकाना रिकामा. नाना, दाढी. नाना, पेज. शेजारीण, लिंबाचं लोणचं. नाना, रात्री तीनदा उठला. पाळकसाहेब आले, बसले. एका ओळीत नुसतं ‘ऊन’ लिहिलं होतं. आजीची प्रार्थना ज्यांनी ऐकली आहे त्यांना ही यादी ओळखीची वाटेल.

उन्हाळ्यात दादांनी आम्हा तिघांना बोलावून घेतलं आणि जमेल तसं सांगितलं: राहिलेल्या चार एकरांतली दोन नानाच्या नावानं बक्षीसपत्र करायची. आम्ही तिघं एकमेकांकडे बघायला लागलो. जमिनीच्या पलीकडून आता डांबरी रस्ता गेला होता. दोन एकर म्हणजे काय ते आम्हाला कळत होतं. लहानपणी ज्या थोरल्या मुलाला आम्ही नावं ठेवली त्याचं म्हणणं त्या दिवशी आम्हाला फार पटायला लागलं. धाकटा बाहेर अंगणात जाऊन बराच वेळ फोनवर बोलत राहिला. ताईनं तर स्पष्टच विचारलं, “आणि त्यानं विकून खाल्लेल्या चार एकरांचं काय?” दादांनी उत्तर दिलं नाही. त्यांना ऐकू आलं होतं.

दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात आम्ही दादांना खुर्चीसकट उचलून नेलं. दादांनी सही केली. साक्षीदार म्हणून ताईनं आणि मी केली. ताईनं पेन जरा जास्तच दाबलं. बक्षीसपत्राला एक अट असते: देणाऱ्यानं दिलं म्हणून भागत नाही, घेणाऱ्यानं देणाऱ्याच्या हयातीत ते घ्यावं लागतं, नाही तर कागदाला अर्थ नाही. कारकुनानं नानाकाकाला पुढं बोलावलं. काका हलेना. “मला नको,” तो म्हणाला. “मी माझं घेतलेलं आहे. मी ते खाल्लंय.” तो पिऊन आला नव्हता, त्या दिवशी त्याची दाढी दादांच्याच वस्तऱ्यानं केलेली होती. दादा खुर्चीतून त्याच्याकडे बघत होते, ओठ हलत होते, शब्द येत नव्हते. आमच्यापैकी कुणी तरी बोलायला हवं होतं. बोललो नाही. काकानं नको म्हटलं तर बरं, असंही एखाद्याच्या मनात येऊन गेलं असेल.

“बाबा, घ्यायचंय का नाही ते सांगा लवकर,” कारकून म्हणाला. “मागं लोक थांबलेत.”

नानाकाकानं यंत्रावर अंगठा ठेवला. गिरणीत रेषा झिजलेल्या. यंत्र ठसा घेईना. कारकुनानं अंगठा ओल्या फडक्यानं पुसायला लावला, पुन्हा ठेवायला सांगितला. पुन्हा नाही. मग त्यानं स्वतःच उठून काकाचं बोट धरलं, यंत्रावर दाबलं, आणि चौथ्या की पाचव्या वेळी पडद्यावर ठसा उमटल्यावर म्हणाला, “झालं. आता फोटोसाठी समोर बघा. हसू नका.”